पंधरा खुर्च्या

लॉस एंजेलिस शहरात राहणाऱ्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी एक आयोग आहे. शहर आणि काउंटी, म्हणजे साधारण आपला जिल्हा, या दोघांनी मिळून तो 1976 मध्ये नेमला. नाव लांबलचक आहे: लॉस एंजेलिस सिटी-काउंटी नेटिव्ह अमेरिकन इंडियन कमिशन. सदस्य पंधरा. त्यांतले पाच महापौर नेमतात, पाच काउंटीचं पर्यवेक्षक मंडळ नेमतं आणि उरलेले पाच तिथला आदिवासी समाज मतदान करून निवडतो. आयोगाला कायदा करता येत नाही आणि कोणत्याही खात्याला हुकूम सोडता येत नाही. त्याने सल्ला द्यायचा असतो.

मला या आयोगाची गोष्ट वाचताना पहिला प्रश्न पडला तो त्याच्या गरजेचा. अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांची स्वतःची सरकारं आहेत. त्यांचे करार थेट वॉशिंग्टनशी झालेले आहेत, महापालिकेशी नाहीत. मग नवाहो किंवा लकोटा माणसाला नगरपालिकेच्या दारात सल्लागार म्हणून बसायची वेळ का यावी? या प्रश्नाचा माग काढत गेलं की पावलं 1976 च्या बरीच मागे जातात आणि एका झाडापाशी थांबतात.

ते झाड होतं सायकॅमोरचं. स्पॅनिश लोक त्याला एल अलिसो म्हणत. त्याच्या आसपास टोंगव्हा लोकांचं यांगा नावाचं गाव होतं आणि गावाची बैठक याच झाडाखाली भरे. आपल्याकडे वडाच्या पारावर गाव बसतं, तसंच. 1771 मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी जवळच सॅन गॅब्रिएल मिशन उभारलं. 1781 मध्ये चव्वेचाळीस वसाहतकरी आले आणि त्यांनी यांगाच्या शेजारी आपलं खेडं वसवलं. तेच आजचं लॉस एंजेलिस. शेजारी राहायला आलेल्यांनी पुढे मूळ गावालाच हलवायला सुरुवात केली. 1845 मध्ये वस्ती नदीपलीकडे ढकलली गेली आणि 1847 मध्ये, शहराच्या कारभाऱ्यांच्या संमतीने, ती पाडून टाकली. टोंगव्हांनी हे सगळं मुकाट्याने सोसलं असं मात्र नाही. 1785 मध्येच तोयपुरिना नावाच्या तरुण स्त्रीने सॅन गॅब्रिएल मिशनविरुद्धच्या उठावात पुढाकार घेतला होता. उठाव फसला, तिच्यावर खटला चालला आणि तिला तिच्या मुलखातून दूर हद्दपार करण्यात आलं.

झाडाखालची जमीन एका फ्रेंच माणसाने घेतली आणि 1830 च्या दशकात तिथे द्राक्षमळा आणि दारूचा कारखाना उभा राहिला. एल अलिसो कारखान्याच्या आवारात उरलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेलं. ही द्राक्षं पुढच्या गोष्टीत येतात, म्हणून सांगितलं.

कॅलिफोर्निया अमेरिकेत आलं आणि 1850 मध्ये राज्याने 'इंडियनांचं शासन व संरक्षण' अशा नावाचा कायदा केला. संरक्षण हा शब्द त्यात कशासाठी होता, देव जाणे. कारण या कायद्याने बेकार, भटका किंवा दारू प्यालेला दिसणाऱ्या आदिवासीला पकडून जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याकडे मजुरीला देण्याची मुभा दिली. लॉस एंजेलिसने या मुभेचं आठवडी चक्र केलं. मळ्यावरच्या आदिवासी मजुराला आठवडाअखेर पुष्कळदा ब्रँडीच मजुरी म्हणून मिळे. रविवारी रात्री तो रस्त्यावर पडलेला सापडे. पोलीस त्याला कोंडवाड्यात टाकत. सोमवारी लिलाव होई आणि मळेवाला त्याला पुन्हा एका आठवड्यासाठी घेऊन जाई. शनिवारी पुन्हा ब्रँडी. सरकारी कागदावर गुन्हा भटकेगिरीचा होता, आणि ज्यांना भटके म्हटलं त्यांची घरं तीन वर्षांपूर्वी याच शहराने पाडली होती.

त्याच सुमारास, 1851-52 मध्ये, केंद्र सरकारच्या प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियातल्या आदिवासींशी अठरा करार केले आणि सुमारे 85 लाख एकर जमीन राखून ठेवण्याचं वचन दिलं. सिनेटने 1852 मध्ये ते सगळे करार फेटाळले आणि गुप्त ठेवायला सांगितले. 1905 पर्यंत ते उघड झाले नाहीत. म्हणून आज टोंगव्हांकडे ना करार आहे, ना राखीव प्रदेश. कॅलिफोर्निया राज्याने 1994 मध्ये त्यांना लॉस एंजेलिस खोऱ्याची मूळ जमात म्हणून मान्यता दिली, पण केंद्राची मान्यता त्यांना आजही नाही. ज्यांच्या गावावर शहर उभं राहिलं, त्यांचंच सरकार वॉशिंग्टनच्या यादीत नाही. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आयोगाचा दुसरा पूर्वज टोंगव्हांच्या भूमीतला नाही. तो बस आणि रेल्वेने आला. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टनला आदिवासींची जबाबदारी जड वाटू लागली. 1950 ते 1953 या काळात इंडियन व्यवहार विभागाचा प्रमुख होता डिलन मायर. युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबण्याचं काम ज्या खात्याकडे होतं, त्या खात्याचाही तोच प्रमुख होता. आदिवासींनी राखीव प्रदेश सोडून शहरात यावं, नोकरी करावी आणि बाकी समाजात मिसळून जावं, अशी योजना त्याच्या काळात देशभर सुरू झाली. 1953 मध्ये काँग्रेसने ठराव करून जमातींचा खास दर्जाच संपवण्याचं धोरण जाहीर केलं. 1956 मध्ये स्थलांतराचा कायदा झाला. खात्याच्या माहितीपत्रकांत टीव्ही असलेली नीटनेटकी घरं दिसत. येणाऱ्याला तिकीट मिळे ते फक्त जाण्याचं. शिकागो, डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, लॉस एंजेलिस असे पत्ते होते. दोन दशकांत एक लाखाहून जास्त माणसं अशी हलवली गेली, आणि लॉस एंजेलिसच्या वाट्याला त्यांतली पुष्कळ आली.

येणाऱ्याला फार थोड्या दिवसांचा आधार होता. एखादी खोली, एखादी कारखान्यातली नोकरी, थोडे पैसे. नोकरी गेली की तो आपल्या नशिबावर. खरा घाव दुसरीकडे बसला. त्याच्या हक्काचा दवाखाना, शाळा, मदत हे सगळं राखीव प्रदेशाला बांधलेलं होतं. तो शहरात आला आणि ते सुटलं. वॉशिंग्टनच्या लेखी तो आता शहराचा नागरिक होता. शहराच्या लेखी तो वॉशिंग्टनचा इंडियन होता. त्याच्या जमातीचं सरकार शेकडो मैल दूर होतं. केंट मॅकेन्झीच्या 1961 च्या 'द एक्झाइल्स' या चित्रपटात बंकर हिलच्या जुन्या वस्तीतली अशी तरुण माणसं एका रात्रीपुरती दिसतात. त्या वस्तीवरूनही पुढे बुलडोझर फिरले.

मधे एक शब्दाचं बोलतो. रिझर्व्हेशन म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात राखीव जागा येतात: शाळेतल्या, नोकरीतल्या, विधानसभेतल्या. तिथे रिझर्व्हेशन म्हणजे ज्या जमिनीच्या तुकड्यावर जमातीला ढकललं ती जमीन. आणि ती सुटली की हक्कही सुटले. शहरी आदिवासींना म्हणून शहरात जागा मागावी लागली, जवळपास आपल्या अर्थाने.

ती मागणी कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर जन्मली नाही. लॉस एंजेलिसचं इंडियन सेंटर 1935 पासून चालत होतं. नव्याने आलेल्याला तिथे कोणी ओळखीचं भेटे. निरनिराळ्या जमातींची माणसं, जी आपल्या मुलखात कधी एकत्र आली नसती, ती तिथे नाचायला, जेवायला, नोकरीची चौकशी करायला येत. पुढे 20 नोव्हेंबर 1969 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं अल्कट्राझ बेट आदिवासी तरुणांनी ताब्यात घेतलं आणि जून 1971 पर्यंत धरून ठेवलं. त्यांत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून गेलेले विद्यार्थी बरेच होते. मायरला ही माणसं शहरात विरघळून जायला हवी होती, आणि शहरातच ती एकमेकांना सापडली.

1976 चा आयोग या सापडण्याचा वंशज आहे. त्याचा जाहीर उद्देश आदिवासींच्या सामाजिक-आर्थिक प्रश्नांवर खर्च होणारा पैसा वाढवणं आणि तो नीट वापरला जाईल हे पाहणं असा आहे. बघायला कोरडं वाक्य आहे, पण योग्य जागी बोट ठेवणारं. खिडकीवर जाऊन पैसा मागणारं कोणी नसणं, हाच तर स्थलांतराचा परिणाम होता. आयोगाचं स्वयंशासन मंडळ पुढे केंद्राकडून गरिबी निवारणासाठी येणाऱ्या निधीतल्या आदिवासींच्या वाट्यावर देखरेख करू लागलं. सल्ल्याच्या पलीकडचं, हातात धरता येणारं काम ते हेच. पाच निवडून आलेल्या जागा मला म्हणूनच सर्वात मोलाच्या वाटतात. नेमलेला सदस्य ज्याने नेमलं त्याला उत्तर देतो. निवडून आलेल्याला त्याच्या मतदारांच्या घरातली भाडं थकल्याची गोष्ट ठाऊक असते. पंधरांपैकी पाचच का, ही तक्रार मला रास्त वाटते.

एक अवघड गाठ मात्र सुटलेली नाही. दूरच्या जमातींतून बसने आलेली माणसं शहरात संख्येने जास्त. टोंगव्हा आणि टाटाविअम ज्यांची जमीन, ते थोडे, आणि केंद्राच्या मान्यतेविना. एकाच आयोगात यजमानही आहेत आणि सरकारने आणून सोडलेले पाहुणेही. फर्नान्देन्यो टाटाविअम समाजाचे नेते रूडी ऑर्टेगा ज्युनियर आयोगावर राहिले, हे मला त्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं.

सल्ला कधी कधी खोलवर पोचतोही. 30 ऑगस्ट 2017 ला नगरपरिषदेने 14 विरुद्ध 1 मतांनी कोलंबस दिनाच्या जागी मूळनिवासी दिन ठरवला. ठराव मांडणारे मिच ओफॅरेल वायंडॉट राष्ट्राचे, आणि आयोगाने या बदलासाठी जोर लावला होता. 2018 च्या नोव्हेंबरात ग्रँड पार्कमधला कोलंबसचा पुतळा क्रेनने उचलून नेला.

2022 मध्ये काउंटीने भूमीची दखल घेणारं निवेदन स्वीकारलं. आयोगाने स्थानिक जमातींना बोलावून, त्यांच्याशी बसून ते घडवलं होतं. पर्यवेक्षक मंडळाची सभा सुरू होताना ही भूमी मूळची कोणाची ते आता वाचलं जातं. जिथे ते वाचतात त्या इमारतीतून पूर्वेकडे चालत निघालं, तर एल अलिसो जिथे उभं होतं ती जागा वीस मिनिटांत येते. तिथे आज हायवे आहे.