हात व मनगटातील स्थानिक स्टेरॉइड इंजेक्शन आणि जंतुसंसर्ग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अडकणारे बोट, अंगठ्याच्या मुळाशी दुखणारे मनगट, हाताला येणाऱ्या मुंग्या अशा तक्रारींवर दुखऱ्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत आज रूढ आहे. तिच्या इतिहासात बहुधा यशाचीच बाजू मांडली जाते. प्रस्तुत लेखात जंतुसंसर्गाच्या अंगाने तिचा विचार केला आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांतच चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना मिळाले. मात्र औषध सर्व शरीरात गेल्याने होणारे दुष्परिणामही लवकरच दिसले. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ही पद्धत हाताच्या स्नायुबंधांच्या आवरणांपर्यंत पोहोचली.

ही आवरणे म्हणजे अरुंद, बंदिस्त नळ्या होत. त्यांत पू झाल्यास बोट कायमचे निकामी होऊ शकते. प्रतिजैविके नव्हती त्या काळात, १९१२ मध्ये, शिकागोचे शल्यविशारद ॲलन कॅनाव्हेल यांनी हाताच्या संसर्गावर ग्रंथ लिहिला. अर्धवट वाकलेले बोट, आवरणाच्या रेषेवर दाबताच येणारी कळ, बोट सरळ करताना असह्य वेदना ही त्यांची लक्षणे आजही शिकवली जातात. परंतु ही सारी लक्षणे दाहाची, आणि स्टेरॉइडचे कार्यच दाह शमविणे हे! त्यामुळे संसर्ग आत वाढत असता बाहेरून हात शांत दिसू शकतो. शिवाय इंजेक्शननंतर एक-दोन दिवस वेदना वाढणे नेहमीचे असल्याने खरी धोक्याची सूचनाही सहज दुर्लक्षिली जाते. मनगटाची जुनाट सूज क्षयरोगाचीही असू शकते. भारतात ही शक्यता विशेष ध्यानात ठेवावी लागते. तेथे निदानाआधी दिलेले स्टेरॉइड रोगालाच बळ देते.

असा संसर्ग विरळ आहे, हे नमूद केले पाहिजे. निर्जंतुक सुई व स्वच्छ त्वचा एवढ्यावर ही सुरक्षितता विसंबलेली होती. औषध निर्दोष असणे त्यात गृहीतच होते. २०१२ मध्ये अमेरिकेत ते गृहीतक ढासळले. मॅसॅच्युसेट्समधील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने बनविलेल्या मिथिलप्रेडनिसोलोनच्या कुप्यांतच बुरशी होती. अधिकृत नोंदीनुसार २० राज्यांत ७५३ रुग्ण बाधित झाले, ६४ दगावले. बहुतेकांना इंजेक्शन पाठीच्या कण्यालगत दिले होते, काहींना सांध्यांत. औषध मात्र तेच. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकी शासनाने अशा औषधनिर्मितीसाठी नवा कायदा केला.