समुद्राचा धुरा

गुरुकुंज मोझरीच्या शिवारात धुऱ्यावरून तंटा झाला, तर मोजणी आणता येते. नकाशा निघतो, खुणा कायम होतात. समुद्रात खुणेचा दगड कुठे रोवणार? तरी कोकण-गोव्याच्या पाण्यातही हद्दी आहेत. त्या कचेरीत सुचलेल्या नाहीत, भांडणांतून निपजल्या.

जुनी हद्द डोल जाळ्याची. ओढीला तोंड करून बांधलेलं हे पिशवीसारखं जाळं ज्या खुंटांना अडकवतात, त्यांना पालघर-वसईकडे ‘कव’ म्हणतात. एकाच्या कवीत दुसऱ्याचं सुटं जाळं अडकतं. म्हणूनच वसई-उत्तनच्या आणि सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांमध्ये कवींवरून वर्षानुवर्षं वाद आहे.

कायद्याची रेघ मात्र रापणकारांनी ओढायला लावली. रापणीची होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांना माणसं वाळूत पाय रोवून ते ओढतात. हे सगळं काठालगतच चालतं. 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, केरळात यांत्रिक नौका आल्या. पुढे कोळंबीला परदेशात भाव मिळाला, तसे ठिकठिकाणचे ट्रॉलर तिच्यामागे उथळ पाण्यात शिरले. गोव्यात रापणी फाटू लागल्या, तेव्हा माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांमागे रापणकार रस्त्यावर उतरले.

अशा तंट्यांपायी केंद्राने 1976 मध्ये मजुमदार समिती नेमली. गोव्याचा कायदा 1980 चा: काठापासून 5 किलोमीटर पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलं. महाराष्ट्राने 1981 च्या कायद्याखाली अंतराऐवजी खोली धरली. भागाप्रमाणे 5 किंवा 10 वावांच्या आत ट्रॉलला बंदी. एक वाव म्हणजे 6 फूट. दर्यावर्दी पाणी वावांतच मोजत आले, त्यामुळे हे माप त्यांच्या ओळखीचं होतं.

रेघ ओढली, राखण उरली. पर्ससीनच्या महाजाळ्यांना महाराष्ट्रात 2016 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा मिळाली. पण राज्याची सत्ता 12 सागरी मैलांपर्यंतच. पलीकडचं पाणी केंद्राचं. मासळी नेमकी कुठल्या बाजूला धरली, यावरून आजही खटके उडतात.

2019 पासून नॉर्वेच्याच साथीने भारत सागरी क्षेत्राचं नियोजन शिकतो आहे. पहिली निवड पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपची. ते महाराष्ट्रात येईल, तेव्हा पालघरच्या पाण्यात 2024 मध्ये मंजूर झालेलं वाढवण बंदर नकाशावर ठळक असेलच. कवी आणि रापणीच्या जागा त्याच्याही आधी आखायला हव्यात, आणि त्या दाखवायला डोलकर नि रापणकारच होडीत हवेत.