कर्त्याविना वाक्य : इंग्रजी ‘पॅसिव्ह’चा मागोवा

‘युअर ॲप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड.’ बँक, वकिलात, विद्यापीठ, कुठूनही आलेल्या इंग्रजी पत्रात हे वाक्य भेटतं. अर्ज कोणी नाकारला ते त्यात नसतं. तरीही वाक्य व्याकरणाने पूर्ण असतं, त्यामुळे काही सांगायचं राहून गेलंय अशी शंका वाचणाऱ्याला येत नाही. शाळेत ‘ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा’ म्हणून गुणांसाठी घोटून घेतलेली हीच ती रचना. आज तिची ओळख जबाबदारी टाळणारी रचना अशी झाली आहे. पण इंग्रजीत ती वाढली ती वेगळ्याच गरजेतून.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आणि त्यांच्या दर्शकांना विभक्तीचे प्रत्यय लागत. कर्म वाक्याच्या आरंभी आणलं तरी कोणी कोणाला मारलं याचा घोळ सहसा होत नसे. मराठीत ‘शिकाऱ्याने वाघाला मारलं’ आणि ‘वाघाला शिकाऱ्याने मारलं’ ही दोन्ही वाक्यं चालतात, तसंच काहीसं. कर्ता सांगायचा नसेल तेव्हा ‘कोणीतरी’, ‘लोक’ अशा अर्थाचं ‘मान’ हे सर्वनाम हाताशी होतं. पॅसिव्ह रचनाही होती आणि तिला दोन सहायक क्रियापदं होती, एक ‘असणे’ या अर्थाचं, दुसरं ‘होणे’ या अर्थाचं.

पुढच्या काही शतकांत हे सगळं बदललं. प्रत्यय झिजले. ‘होणे’ अर्थाचं ‘वेओर्थन’ हे क्रियापद नाहीसं झालं आणि पंधराव्या शतकापर्यंत ‘मान’ही वापरातून गेलं. जर्मन भाषेने या दोन्ही गोष्टी आजवर जपल्या आहेत. तिथे ‘वेर्डन’ आणि ‘मान’ रोजच्या बोलण्यात आहेत. इंग्रजीत मात्र आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम पक्का झाला, आणि शब्दाची वाक्यातली जागा हीच त्याची विभक्ती ठरली. आता वाघाबद्दल बोलणं चालू असताना वाघाला पुढे आणायचं कसं? ‘द टायगर वॉज किल्ड’ म्हणून. आणि मारणारा ठाऊक नसेल, तर ‘मान’च्या जागीही हेच वाक्य. कर्माला पुढे आणणं आणि कर्त्याला वगळणं, ही दोन्ही कामं एकट्या पॅसिव्हवर येऊन पडली.

म्हणूनच ही रचना इंग्रजीत विलक्षण फोफावली. ‘ही वॉज लाफ्ड ॲट’ यात क्रियापदाचं शब्दयोगी शेपूटही सोबत आलं. ‘शी वॉज गिव्हन अ बुक’ यात ज्याला दिलं तोच कर्त्याच्या जागी बसला. जर्मनमध्ये ही दोन्ही वाक्यं अशी बांधता येत नाहीत. कर्ता सांगायचाच असेल, तर त्याच्यासाठी कोणतं अव्यय वापरायचं हेही बराच काळ ठरलेलं नव्हतं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये कर्त्यासाठी ‘ऑफ’ जागोजागी दिसतो. ‘बाय’ पुढे सर्वमान्य झाला.

इतकी गरजेची रचना, पण तिच्या वाढीलाही विरोध झाला. ‘घर बांधलं जात आहे’ या अर्थी अठराव्या शतकात शिष्ट इंग्रजी माणूस ‘द हाऊस इज बिल्डिंग’ असं लिही. त्या शतकाच्या अखेरीस ‘द हाऊस इज बीइंग बिल्ट’ दिसू लागलं आणि जाणकार खवळले. अमेरिकन समीक्षक रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी १८७० च्या ‘वर्ड्स अँड देअर यूजेस’ या पुस्तकात या नव्या रूपावर सडकून टीका केली. लोकांनी ती ऐकली नाही. आज तेच रूप शाळेत बरोबर म्हणून शिकवलं जातं.

पॅसिव्हला प्रतिष्ठा मिळवून दिली ती विज्ञानाने, पण आरंभापासून नव्हे. लंडनची रॉयल सोसायटी १६६० मध्ये स्थापन झाली आणि पाच वर्षांनी तिचं ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ निघालं. त्यात १६७२ मध्ये छापलेल्या प्रकाश आणि रंगांवरच्या पत्रात न्यूटन ‘मी’ने बोलतो. मी लोलक मिळवला, मी खोलीत अंधार केला, असं तो हातचं काही न राखता सांगतो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात प्रयोग कोणीही पुन्हा करून पाहावा या भूमिकेबरोबर करणारा वाक्यातून मागे सरला. ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ ही प्रयोगवहीची भाषा झाली. द्रावण कोणी तापवलं याने निष्कर्ष बदलत नाही, तेव्हा इथे कर्ता गाळणं प्रामाणिकच आहे. तरी वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये डीएनएची रचना मांडली, तेव्हा त्यांच्या निबंधाचा पहिला शब्द ‘वी’ होता. धाडसाचं विधान करताना त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं.

कचेऱ्यांनी हीच तटस्थता उचलली. तिथे मात्र कर्ता कोण याने फार मोठा फरक पडतो, आणि रचनेवर आरोप सुरू झाले ते इथूनच. कॉर्नेल विद्यापीठातले विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तकात कर्तरी रचना वापरण्याचा नियम घातला. १९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने राजकारण आणि इंग्रजी भाषेवरच्या निबंधात तो आणखी कडक केला. त्याच निबंधात त्याने स्वतः पॅसिव्ह भरपूर वापरलं आहे, कारण इंग्रजीत त्याशिवाय भागत नाही. ब्रिटिश सरकारी नोकरांची भाषा सुधारावी म्हणून अर्थखात्याने अर्नेस्ट गावर्स यांच्याकडून ‘प्लेन वर्ड्स’ लिहून घेतलं ते १९४८ मध्ये.

या रचनेचा सर्वांत कुप्रसिद्ध नमुना अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या तोंडचा आहे. युलिसिस ग्रँट यांनी १८७६ मध्ये काँग्रेसला पाठवलेल्या अखेरच्या वार्षिक संदेशात चुका झाल्याचं पॅसिव्हमध्येच म्हटलं. त्याच वाक्यात ‘मी मान्य करतो’ असंही ते म्हणाले, आणि लगेच बराचसा दोष सहायकांच्या निवडीकडे वळवला. १९८७ च्या जानेवारीत इराण-काँट्रा प्रकरणावर बोलताना रोनाल्ड रेगन गंभीर चुका घडल्याचं म्हणाले, तेही पॅसिव्हमध्येच. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हे तीन शब्द तेव्हापासून सोयीस्कर कबुलीचं नावच होऊन बसले.

ही रचना आपल्याकडेही आली. शालेय मराठी व्याकरणात ‘नवीन कर्मणी प्रयोग’ शिकवतात, ‘रामाकडून रावण मारला गेला’, आणि तो इंग्रजी पॅसिव्हच्या धर्तीवरचा असल्याचं तिथेच सांगतात. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय आलं, मग १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. इंग्रजीत चालत आलेला कारभार मराठीत आणताना जिथे जिथे मूळ मसुद्यात पॅसिव्ह होतं, तिथे ‘करण्यात येत आहे’ बसलं. आज ते शासन निर्णयापासून सोसायटीच्या फलकापर्यंत आणि शाळेच्या परिपत्रकापासून वर्तमानपत्राच्या बातमीपर्यंत सर्वत्र आहे.

मला इथे थांबून विचारावंसं वाटतं, की मराठीला याची गरज होती का? इंग्रजीने पॅसिव्ह वाढवलं ते प्रत्यय आणि ‘मान’ गमावल्यामुळे. मराठीने तसं काहीच गमावलेलं नाही. कर्म पुढे आणायला आपल्याला शब्दांची जागा बदलली की पुरतं. कर्ता ठाऊक नसेल तर ‘पूल पाडला’, ‘त्याला तुरुंगात टाकलं’ असं आपण सहज म्हणतो. आणि आपला जुना कर्मणी प्रयोग तर पाहण्यासारखा आहे. ‘तिने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद पोळीच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं, तरी खाणारी वाक्यात हजर असते. कर्माला मान देण्यासाठी कर्त्याला घालवून द्यावं लागत नाही.

म्हणजे इंग्रजीने या रचनेकडून घेतलेली दोन्ही कामं मराठी आधीपासून करत होती. ‘करण्यात येत आहे’ने आपल्याला मिळाला तो फक्त कचेरीचा सूर, जणू हुकूम कुठून तरी वरून आपोआप उतरतो आहे. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ हे वाचणाऱ्याने तक्रार घेऊन जायचं कोणाकडे? ‘पाणीपुरवठा विभाग गुरुवारी पाणी बंद ठेवणार आहे’ या वाक्यात पत्ता आहे. निवडणूक, न्यायालय, शाळा, रुग्णालय इथे जे काही होतं ते कोणीतरी ठरवून होतं, आणि ते कोणी ठरवलं हे कळणं नागरिकाचा हक्क आहे. मराठीत मसुदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने सही करण्यापूर्वी ‘करण्यात’ हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे थांबावं आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव घालावं. आपल्या भाषेत त्याच्यासाठी जागा आहे, ‘ने’ हा प्रत्ययही तयार आहे.