गाणे शिकण्याची वर्षे कोणी पोसली?



एखाद्या गवयाचे चरित्र हाती आले की आपण त्यात तीन गोष्टी शोधतो. गुरू कोण, घराणे कोणते, आणि पहिली बैठक कोठे गाजली. चौथी गोष्ट विचारायची मात्र राहून जाते. शिकत असताना हा माणूस जेवत कोठे होता? गळा तयार व्हायला दहाबारा वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत गळ्यापासून एक पैसाही मिळत नाही. तेव्हा ज्याला गाणे हाच पोटाचा धंदा करायचा आहे, त्याच्या उमेदवारीचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. तो कोणी उचलला याचा शोध घेतला, तर गेल्या दीडशे वर्षांचा आपल्या संगीताचा इतिहास थोडा वेगळा दिसू लागतो. आजचे व्याख्यान त्या शोधाविषयी आहे.

पहिली व्यवस्था गुरुगृहाची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) मिरजेजवळच्या बेडगचे. ख्याल शिकण्यासाठी ते उत्तरेकडे निघाले. धारला देवजीबुवा परांजपे यांच्याकडे राहिले आणि पुढे ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे गेले. वासुदेवबुवा हे हस्सूखाँचे शिष्य. शिंद्यांच्या दरबारात मुसलमान उस्तादांनी वाढवलेली गायकी एका मराठी ब्राह्मणाकडे आली आणि त्याच्याकडून दुसरा मराठी विद्यार्थी ती दक्षिणेत घेऊन आला. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा शिकायचे, अशी ती रीत होती. पैशांचा व्यवहार नव्हता, पण ते फुकटही नव्हते. शिष्य आपल्या तारुण्याची वर्षे मोजून देत असे. शिक्षण किती दिवस चालेल, मधेच थांबेल का, याची हमी कोणी देत नव्हते.

ही रीत फार पुढेपर्यंत टिकली. भीमसेन जोशी १९३३ साली अकराव्या वर्षी गदगचे घर सोडून गाणे शोधत निघाले. ग्वाल्हेरला पोहोचले, तेथे हाफिजअली खाँसाहेबांच्या मदतीने शिकण्याची थोडी सोय झाली. पुढे जालंधरपर्यंत गेले. तेथे विनायकराव पटवर्धनांनी त्यांना सांगितले की गुरू तुमच्या घराजवळच आहे, सवाई गंधर्वांकडे जा. गदगपासून कुंदगोळ काही लांब नव्हते. त्या घरात पाणी भरण्यापासून सुरुवात झाली, हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. ती गोष्ट आपण गुरुभक्तीची म्हणून सांगतो. ती हिशेबाचीही आहे. ज्याच्या खिशात काही नाही, त्याला शिक्षणाचे मोल अंगमेहनतीने चुकते करावे लागले.

गुरूचे घर तरी कशावर चाले? बहुतेक वेळा ते संस्थानावर चाले. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर, कोल्हापूर, मिरज या दरबारांनी उस्तादांना वेतन दिले, म्हणून उस्तादांना शिष्य ठेवता आले. अल्लादियाखाँ कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरी होते. मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या मागे तेथील अधिपतींचा आश्रय होता. अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीरखाँ इंदूरला होळकरांकडे सारंगिये होते.

बडोद्याने त्यात एक नवी वाट पाडली. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८८६ साली मौलाबक्ष यांनी तेथे गायनशाळा सुरू केली. ठरलेली वेळ, वर्ग, स्वरलेखन, आणि खर्च सरकारी तिजोरीतून. ज्याच्या घरात गाणे नाही आणि ज्याला कोणाचा गंडाही बांधायचा नाही, अशा मुलालाही तेथे बसता येऊ लागले. त्याच बडोद्यात १९१६ साली भातखंड्यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय निघाले. राजाभैया पूछवाले यांच्यासारखे घराणेदार गवई तेथे शिक्षक म्हणून वेतनावर बसले. गवयाला अध्यापक म्हणून पगार मिळू लागला. ही गोष्ट आज साधी वाटते, पण त्या पिढीला तिचे मोल मोठे होते.

दरबाराशिवाय हे करून दाखवायचे धाडस विष्णु दिगंबरांचे. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेथे दोन प्रकारचे विद्यार्थी होते. एक फी भरून शिकणारे हौशी. दुसरे उपदेशक वर्गातले. हे विद्यालयातच राहत, त्यांचे जेवणखाण, कपडालत्ता विद्यालय पाही, आणि बदल्यात ठरल्या मुदतीपर्यंत विद्यालय सोडायचे नाही व तयार झाल्यावर शिकवायचे, असा लेखी करार असे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही नावे त्यांच्याच शिष्यवर्गातली. गुरुगृहातले राहणे त्यांनी ठेवले. फक्त गुरूच्या मर्जीच्या जागी नियम आणला.

पण हा खर्च एका माणसाच्या बैठकींवर आणि देणग्यांवर चालत होता. १९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली, मोठी इमारत उभी राहिली, कर्ज झाले आणि अखेर त्या कर्जापायी इमारत हातची गेली. १९३१ साली पलुसकर वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि पुढे प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा गावोगाव पोहोचल्या. आपल्या घराघरांतल्या मुलींनी त्या दिल्या आहेत. त्या परीक्षांनी जाणता श्रोता घडवला, संगीतशिक्षकाला नोकरी दिली आणि गाण्याला मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. पलुसकरांच्या दोन वर्गांपैकी फी भरणाऱ्यांचा वर्ग असा देशभर पसरला. विद्यार्थ्याला दोन वेळचे जेवण घालून तयार करणारा उपदेशक वर्ग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही.

आता गोव्याकडे वळू. आतापर्यंतच्या हकिकतीत स्त्रिया नाहीत, कारण ही दारे त्यांना बंद होती किंवा फार जपून उघडत. गोव्यातल्या कलावंत घराण्यांत मुलीच्या शिक्षणाचा भार आईने वाहिला. कुर्डीच्या मोगूबाईंना त्यांच्या आईने लहानपणीच गाण्याला लावले. पुढे त्या नाटक मंडळीत गेल्या. आई लवकर गेली. सांगलीत अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि शिकवायला सुरुवात केली. नंतर खाँसाहेब मुंबईस गेले तेव्हा मोगूबाईही गेल्या. मधल्या काळात तालीम खंडित झाली, त्यांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकणे चालू राहिले, पण मोगूबाईंनी ती गायकी सोडली नाही. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) अब्दुल करीमखाँ, वझेबुवा, भास्करबुवा अशा अनेकांकडे तुकड्यातुकड्यांनी शिकत अखेर १९२१ मध्ये अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. ऐन तिशीला पोहोचल्यावर त्यांना मनासारखा गुरू सलग लाभला.

त्यांचे शिक्षण ज्या पैशांवर चालले, त्या पैशांकडे समाज नाक मुरडत होता आणि त्यांच्या गाण्यासाठी तिकिटेही काढत होता. हे आपल्या सांस्कृतिक इतिहासातले दुटप्पीपण आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून, व्यासपीठावर सन्मानाने बसून गाण्याचा पायंडा पाडला, तेव्हा कोठे कुलीन म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींना धंद्याचे गाणे शक्य झाले. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकत. मोगूबाईंनी पती लवकर गेल्यावर बैठकी आणि शिकवण्या करून मुले वाढवली, आणि त्याच घरात किशोरीताई तयार झाल्या. तेथे आई आणि गुरू एकच होती आणि खर्चही तीच भागवत होती.

आणखी एक व्यवस्था आपल्या मराठी माणसाची खास, ती म्हणजे संगीत नाटक कंपनी. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) बडोदे संस्थानातल्या कठोरचे. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गाजले, आणि आवाज फुटला तसे कंपनीला नकोसे झाले. वयात येताना आवाज फुटणे हा प्रत्येक गाणाऱ्या मुलाच्या वाट्याचा कसोटीचा काळ. तेव्हा सांभाळणारे कोणी नसेल तर गवई तेथेच संपतो. भास्करबुवा बडोद्याला फैजमहंमदखाँकडे शिकले. पुढे धारवाडला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाची नोकरी धरून त्यांनी नत्थनखाँची तालीम घेतली. नोकरी करून शिकणारा हा आजच्या अर्थाने पहिल्या पिढीचा व्यावसायिक गायक. सवाई गंधर्वही नाटकात गेले. अब्दुल करीमखाँसाहेबांना ते फारसे रुचले नव्हते. मल्लिकार्जुन मन्सूरही नाटकातूनच आले. कंपनीत राहायला जागा, दोन वेळचे जेवण, रोज प्रेक्षक आणि दर महिन्याला पगार होता. रंगभूमी शिकवत होती आणि शिकता शिकता पोटाला घालत होती.

१९३१ साली बोलपट आला आणि ही व्यवस्था काही वर्षांत कोसळली. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळी हे त्याचे आपल्या माहितीचे उदाहरण. १९४२ साली दीनानाथ गेले. १९२९ मध्ये इंदूरला जन्मलेल्या त्यांच्या मुलीवर तेराव्या वर्षी घर चालवण्याची वेळ आली. लताबाईंच्या उमेदवारीची वर्षे कोणीच पोसली नाहीत. मास्टर विनायकांच्या कंपनीत पगारावर काम करता करता, आणि १९४५ साली मुंबईस आल्यावर ध्वनिमुद्रणांच्या धावपळीत, त्या भेंडीबाजार घराण्याच्या अमानअलीखाँकडे शिकल्या. मायक्रोफोनसमोर श्वास कोठे आणि कसा घ्यावा हे त्यांना अनिल विश्वासांनी सांगितले. उर्दूच्या उच्चारांसाठी त्यांनी शिक्षक ठेवला. नव्या धंद्याचा अभ्यासक्रमच यातून दिसतो. श्वास, उच्चार, यंत्राशी जुळवून घेणे, आणि थोड्या वेळात चाल उचलणे. रागदारीची बैठक पायाला होतीच. तिच्यावर हा नवा मजला चढला. मात्र हे सारे कमावता कमावता साधायचे होते. ते एका लतेला साधले म्हणून सर्वांना साधेल, असे समजणे धोक्याचे आहे.

स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीने थोडा आधार दिला. बा. वि. केसकर मंत्री असताना स्वरचाचणी घेऊन गायकांना श्रेणी देण्याची पद्धत आली. त्यावर खूप वाद झाले, पण ज्याची निवड होई त्याला दर काही आठवड्यांनी ठरलेले मानधन मिळे. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याला आयटीसी संगीत रिसर्च अकादमी उभी राहिली. तेथे गुरूंना घर आणि वेतन, शिष्यांना विद्यावेतन. निसारहुसेनखाँसाहेबांबरोबर राशिद खाँ तेथेच शिकले, आणि आपले उल्हास कशाळकर तेथे अनेक वर्षे गुरू होते. पलुसकरांचा उपदेशक वर्ग एका कारखानदारी कंपनीच्या पैशावर पुन्हा उभा राहिला, असे म्हणायला हरकत नाही. आणि त्याची फळे आपण ऐकली आहेत.

या साऱ्या हकिकतीत कोणती गावे आली ते पाहा. ग्वाल्हेर, धार, बडोदे, इंदूर, लाहोर, धारवाड, कुंदगोळ, गदग, कुर्डी, केरी. बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेला मुलगा मुंबईला देवधरांच्या शाळेत वाढला, आणि क्षयाने खंगल्यावर देवासला येऊन त्याने कुमार गंधर्व हे नाव पुन्हा उभे केले. यांपैकी मुंबई सोडली तर एकही गाव आजच्या महाराष्ट्रात नाही. ज्याला आपण मराठी गाणे म्हणतो, ते शिकवण्याचा खर्च फार मोठ्या प्रमाणावर आपल्या गावांनी केला. त्यांतली कुर्डी तर आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे.

आज तो खर्च कोण करते? संस्थाने गेली, नाटक कंपन्या गेल्या. चित्रपटसंगीत, नाट्यगीत, अभंग, गझल असे सारेच गाऊ पाहणाऱ्या आजच्या तरुण गायकाची वर्षे त्याचे आईवडील पोसतात, आणि ते ज्यांना जमते त्यांचीच मुले टिकतात. बाकीची विशारदपर्यंत येतात, नोकरीला लागतात, आणि गणेशोत्सवात एखादे गाणे म्हणतात. दूरचित्रवाणीवरची स्पर्धा तयार गळा उचलते. तो तयार करण्याची दहा वर्षे ती देत नाही. आपल्या संस्था कोजागरीला आणि दिवाळी पहाटेला कलावंत बोलावतात, त्यांना मानाने बिदागी देतात. म्हणजे पिकलेल्या आंब्याला आपण दाम देतो आणि झाडाला पाणी घालणे कोणा दुसऱ्याचे काम मानतो.

मोठी अकादमी आपल्याच्याने होणार नाही. पण आपल्यापैकी अनेक संस्थांच्या इमारती आहेत, त्यांत सकाळी रिकाम्या असणाऱ्या खोल्या आहेत. गावात एक तरी जाणता गुरू अजून आहे. एका वर्षी एक कार्यक्रम कमी करून एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला पाच वर्षांचे विद्यावेतन, रियाजाला खोली आणि गुरूला ठरलेले वेतन देता येईल. निवड गळा आणि चिकाटी पाहून व्हावी, घर आणि आडनाव पाहून नव्हे. आवाज फुटण्याच्या वर्षांत विद्यावेतन थांबू नये, आणि मुलीचे लग्न ठरले म्हणूनही ते थांबू नये. पुढच्या वार्षिक सभेच्या अंदाजपत्रकात एवढी एक ओळ घालावी, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे.