उलट्या गुडघ्याची कुळकथा

पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेची उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. पण पोटात पाय ताठ ठेवून ढुंगणाच्या बाजूने येणाऱ्या बाळांपैकी एखाद्याचा स्वतःचाच गुडघा उलटा असतो, हे त्या समजुतीला ठाऊक नाही. नडगीचं हाड मांडीच्या हाडापुढे सरकलेलं, पाऊल पोटाकडे वळलेलं आणि गुडघ्याची घडी भलत्याच बाजूला. साधारण लाखात एखादं मूल असं जन्मतं. मूळ दोष मांडीच्या पुढच्या स्नायूत: तो आखूड असतो आणि गुडघा वाकूच देत नाही.

शातलेन यांनी 1822 मध्ये या विकाराचं पहिलं वर्णन केलं असं मानतात. मात्र त्यावरच्या आजच्या उपचाराचं कूळ गुडघ्यात सापडत नाही, ते सापडतं पावलात. हॅनोव्हरच्या स्ट्रोमायर यांनी 1831 मध्ये वाकड्या पावलासाठी टाचेची शीर कातडीखालून, बारीक भोकातून कापली. भूल यायला अजून पंधरा वर्षं होती, लिस्टरचं जंतुनाशक तर त्याहून लांब. मोठी जखम म्हणजे पू आणि बहुधा मरण. म्हणजे भोक लहान ठेवण्यात कौशल्य होतं तितकीच लाचारीही होती. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांचं स्वतःचं पाऊल वाकडं होतं. 1836 मध्ये ते स्ट्रोमायरकडून शस्त्रक्रिया करून घेऊन आले आणि पुढे तीच इतरांवर करू लागले.

भूल आणि निर्जंतुकीकरण आल्यावर सर्जनांचा हात सैल सुटला. उलट्या गुडघ्यासाठी कर्टिस आणि फिशर यांनी 1969 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया याच काळातली: मांडी लांबवर उघडायची, स्नायूच्या कंडरेला व्ही आकाराचा छेद द्यायचा, ती खाली सरकवून वाय आकारात शिवायची. गुडघा वाकतो, पण लांब व्रण राहतो आणि पाय ताठ करण्याची ताकद कमी पडू शकते. वाकण्याची किंमत उभं राहण्यातून वसूल करणारा हा सौदा मला कधीच पटलेला नाही, जरी काही मुलांना तो करावाच लागला असेल.

इकडे अमेरिकेतल्या आयोवात इग्नासिओ पोन्सेटी 1940 च्या दशकापासून वाकडी पावलं दर आठवड्याला प्लास्टर बदलून हळूहळू वळवत होते आणि शेवटी गरज पडली तरच टाचेची शीर छोट्या छेदातून कापत होते. जगाने बराच काळ त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांची रीत सगळीकडे पसरल्यावर तीच गुडघ्यावर आली. 1989 मध्ये रॉय आणि क्रॉफर्ड यांनी मांडीचा स्नायू कातडीतून सैल करण्याची पद्धत मांडली होतीच. 2009 मध्ये डॉब्स आणि सहकाऱ्यांनी आधी प्लास्टर, मग लहानसा छेद असा क्रम मांडला. सांधे जन्मतःच आखडलेल्या मुलांत मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे कधी मांडीचं हाडच थोडं आखूड करून स्नायूला ढील देतात.

अशा बाळाचं पाऊल किंवा खुबाही बिघडलेला असू शकतो. तेव्हा बहुधा गुडघ्यापासून सुरुवात करतात, कारण पावलाचं प्लास्टर आणि खुब्याचा पट्टा दोन्हींना वाकलेला गुडघा लागतो.

2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या यादीत वाकडं पाऊल आहे, खुबा आहे. गुडघ्याचं नाव नाही. त्याने फारसं अडू नये, कारण उलटा गुडघा प्रसूतीच्या खोलीतच डोळ्यांत भरतो. अडतं ते पुढे. प्लास्टर पहिल्या दिवसांतच सुरू झालं तर फळतं आणि आठवड्याच्या आठवड्याला बदलावं लागतं. आजऱ्यातल्या बाळंतिणीने दर आठवड्याला तान्हं मूल घेऊन एसटीने कोल्हापूर गाठायचं, तेही आंबोलीच्या शेजारच्या पावसात, प्लास्टर भिजू न देता, आणि नेमकी भाताची रोपलावण सुरू असताना. छेद लहान झाला खरा, पण फेऱ्या वाढल्या. त्यांचा हिशेब शस्त्रक्रियेच्या कागदावर कुठेच नसतो.