बिने-कामत कसोटीतले कामत

१/ मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात बिने-कामत कसोटीचे नाव लवकरच कानी पडते. बिने कोण, हे सर्वांना सांगता येते. कामतांविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो.

२/ १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी ३० प्रश्नांची श्रेणी रचली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य द्यावे, एवढाच तिचा हेतू. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या ल्युइस टर्मन यांनी तिला अमेरिकी रूप दिले.

३/ डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये तिची मुंबई-कर्नाटक आवृत्ती मराठी व कन्नड भाषांत सिद्ध केली. (धारवाड-बेळगावचा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता.) १९४० मध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथही आला. हे निव्वळ भाषांतर नव्हे. इंग्रजीत सोपा असलेला शब्द मराठीत अवघड ठरू शकतो, म्हणून कोणता प्रश्न कोणत्या वयाचा, हे इथल्या मुलांवर पडताळूनच ठरवावे लागते. परकी प्रश्नावली मराठीत उतरवली की संशोधन झाले, असे मानणाऱ्यांनी हा टप्पा जरूर अभ्यासावा.

४/ पुढे पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर कसोट्या घडवल्या. निगडीतही प्रबोधिनीची शाळा आहे.

५/ आता खरी अडचण. कामतांच्या कसोटीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा भरले, तर गुणांक ७५. परंतु विसाव्या शतकात अनेक देशांत पिढीगणिक गुण वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. मानके जुनी असली की गुणांक फुगतो. सत्तरच्या आसपासच्या मुलाला हा फुगवटा महागात पडतो : प्रमाणपत्र हुकते, त्यासोबत सवलतीही.

६/ चाकणच्या कारखान्यांत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्यांची मुले आज इथल्या शाळांत बसतात. त्यांच्यापैकी एखादे मूल उत्तर देताना अडखळले, तर ते प्रश्नाशी अडखळले की मराठीशी? परीक्षकाने प्रश्न कोणत्या भाषेत विचारला आणि मूल घरी कोणती भाषा बोलते, या दोन्ही नोंदी अहवालात नसतील, तर तो गुणांक वाचायचा तरी कसा?