श्वेत कोशिकांचे आसंजन

रक्तप्रवाहाबरोबर वाहणाऱ्या श्वेत (पांढऱ्या) कोशिका रक्तवाहिनीच्या अस्तराला किंवा अन्य पृष्ठभागाला चिकटतात व त्यावर पसरतात. या क्रियेस आसंजन म्हणतात. ऊतकात शिरलेल्या जंतूंपर्यंत पोहोचण्यासाठी श्वेत कोशिकेला प्रथम वाहिनीच्या भिंतीवर थांबता आले पाहिजे. हे थांबणे केवळ चिकटपणामुळे घडते की ती कोशिकेची नियंत्रित क्रिया आहे, हा प्रश्न सुटण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

आंरी द्यूत्रॉशे (१७७६–१८४७) यांनी १८२४ मध्ये भेकाच्या पिलाच्या पारदर्शक शेपटीत रक्तवाहिनीबाहेर पडणाऱ्या कोशिकांचे वर्णन केले. ऑगस्टस वॉलर यांनी १८४६ मध्ये बेडकाच्या जिभेत हीच घटना पाहिली. परंतु तिचे महत्त्व फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. पुवातील कोशिका त्या जागीच निर्माण होतात, असे रूडोल्फ फिरखो यांचे मत होते. त्यांचेच शिष्य यूलिउस कोनहाइम (१८३९–८४) यांनी १८६७ मध्ये हे मत खोडून काढले. बेडकाच्या आंत्रबंधातील बारीक नीलांमध्ये श्वेत कोशिका भिंतीलगत जमतात, चिकटतात व भिंतीतून बाहेर पडतात, हे त्यांनी दाखविले. या घटनेचे कारण मात्र ते वाहिनीच्या भिंतीतील बदलात शोधीत होते. याउलट, ईल्या म्येचन्यिकॉव्ह (१८४५–१९१६) यांनी १८८२ मध्ये मेसीना येथे ताऱ्या माशाच्या डिंभात गुलाबाचे काटे टोचून पाहिले. तेथे रक्तवाहिन्या नसतानाही भ्रमणशील कोशिका काट्यांभोवती गोळा झाल्या. कोशिका स्वतः क्रियाशील असते, हे यावरून स्पष्ट झाले.

मानवी श्वेत कोशिका काचेवर ठेवल्यास काही मिनिटांतच गोलाकार सोडून चपट्या होतात. कोशिकापटलाच्या घड्या उलगडल्यामुळे पसरण्यास जादा पृष्ठभाग मिळतो. या क्रियेस मॅग्नेशियमासारखे आयन आवश्यक असतात.

निर्णायक पुरावा मिळाला तो आजारी बालकांकडून. काही अर्भकांची नाळ वेळेवर गळून पडत नाही व त्यांना वारंवार जंतुसंक्रामण होते, असे १९७९ च्या सुमारास आढळले. त्यांच्या रक्तात श्वेत कोशिका नेहमीपेक्षा जास्त असूनही जखमेत पू होत नसे. त्या कोशिका पृष्ठभागाला नीट चिकटत वा पसरत नसत. कोशिकापटलावरील इंटिग्रिन प्रथिनांची एक सामायिक शृंखला (सीडी १८) सदोष असल्यामुळे असे घडते, हे १९८७ पर्यंत सिद्ध झाले. तिचे जीन २१ व्या गुणसूत्रावर आहे. रोग तीव्र असल्यास अस्थिमज्जेचे प्रतिरोपण करावे लागते.

१९९१ मध्ये प्रवाहाखालील प्रयोगांनी या क्रियेचे टप्पे उलगडले : सिलेक्टिनांमुळे कोशिका भिंतीवरून घरंगळते आणि उद्दीपित इंटिग्रिनांमुळे घट्ट थांबते. घरंगळण्याचा टप्पाच बिघडलेली बालके १९९२ मध्ये इझ्राएलमध्ये वर्णिली गेली. त्यांचा रक्तगट, १९५२ मध्ये य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी वर्णन केलेला ‘बाँबे’ रक्तगट होता. त्या बालकांत फ्यूकोज शर्करेच्या चयापचयातील दोषामुळे रक्तगटाचा एच प्रतिजन व सिलेक्टिनाला बांधणारी शर्करा या दोन्हींचा अभाव होता. एरवी बाँबे रक्तगटाच्या व्यक्तींत केवळ एच प्रतिजन नसतो. त्यांच्या श्वेत कोशिकांचे आसंजन प्राकृत असते.

आसंजन रोखणारी औषधे शोथजन्य रोगांवर उपयुक्त ठरली आहेत. तथापि त्यांमुळे संरक्षणही दुबळे होऊ शकते. नॅटॅलिझुमॅब हे औषध २००४ मध्ये संमत झाले, मेंदूच्या विषाणुजन्य रोगामुळे २००५ मध्ये थांबविले गेले व २००६ मध्ये निर्बंधांसह पुन्हा वापरात आले. रक्तातील श्वेत कोशिकांची संख्या पुरेशी असून भागत नाही. त्यांना योग्य जागी थांबता येणे तितकेच आवश्यक आहे.